पेनड्राइव्हमधली गाणी आणि कायदा : सीमाभागातल्या नवख्यांसाठी

गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मोबाइल दुकानांत एकच मागणी ऐकू येते : "बा, डॉल्बीची गाणी भरून दे की जरा." दुकानदार पेनड्राइव्ह लावतो, फोल्डर ओढतो आणि पाच मिनिटांत मराठी, कन्नड, हिंदी अशी शेकडो गाणी हातात ठेवतो. देणाऱ्याला ना घेणाऱ्याला, कुणालाच यात काही वावगं वाटत नाही. कायद्याच्या नजरेत मात्र या दोघांची जागा एकसारखी नाही, आणि मंडळाच्या पानावर त्याच गाण्याची रील टाकणाऱ्याची तर तिसरीच.

हा लेख नुकतंच दुकान घातलेल्यांसाठी, मंडळाचं इन्स्टाग्राम खातं ज्यांच्या गळ्यात पडलंय त्यांच्यासाठी आणि फोनमध्ये गाणी साठवायची हौस असलेल्यांसाठी आहे. पायऱ्या क्रमाने वाचा. दुकानदाराने पाचवी पायरी दोनदा वाचावी.

पहिली पायरी : आपण नेमकं काय करतोय ते ठरवा

ऐकणं, उतरवून ठेवणं, दुसऱ्याला पाठवणं आणि विकणं ही चार वेगळी कामं आहेत. 'पायरसी' या एका शब्दाखाली ती कोंबली जातात आणि मग एक तर उगाच भीती बसते, नाहीतर भीती उरतच नाही.

मुख्य कायदा म्हणजे १९५७ चा कॉपीराइट कायदा. तो केंद्राचा असल्यामुळे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे त्यात फरक पडत नाही, गाणं कन्नड आहे की मराठी यानेही पडत नाही. त्याच्या ५१ व्या कलमात भंग कशाला म्हणायचं ते दिलंय : हक्कदाराची परवानगी नसताना प्रत काढणं, ती विकणं किंवा भाड्याने देणं, धंद्यासाठी वाटणं, आणि धंदा नसला तरी हक्कदाराचं नुकसान होईल इतक्या प्रमाणात वाटणं. हे शेवटचं नीट लक्षात घ्या. "मी पैसे घेतले नाहीत" एवढं म्हटल्याने सुटका होत नाही.

दुसऱ्या बाजूला ५२ व्या कलमात खाजगी वापरासाठी उचित वापराची सवलत आहे. विकत घेतलेल्या सीडीवरची गाणी स्वतःच्या फोनमध्ये घेतली म्हणून कुणी तुमच्या दारात येणार नाही. पण चोरीच्याच साइटवरून उतरवलेल्या फाइलला हे कवच मिळेलच, अशी हमी त्या कलमात नाही.

बंद केलेल्या साइट उघडल्या की तीन वर्षं कैद आणि तीन लाख दंडाची धमकी देणारा संदेश काही वर्षांपूर्वी पडद्यावर यायचा. नुसतं पाहिलं तरी गुन्हा, असा त्याचा सूर होता. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी हे स्पष्ट केलं की केवळ पाहणं हा गुन्हा नव्हे. परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विक्रीला किंवा भाड्याने देणं हा गुन्हा. माझं मत विचाराल तर नवख्याने हाच धागा धरून ठेवावा : फाइल तुमच्या हातून दुसऱ्याकडे जाते तिथे धोका वाढतो, आणि ती पैशासाठी गेली तर तो कैक पटीने वाढतो.

परदेशात गेलेल्या पोरांना मात्र हा हिशेब लागू नाही. आपल्याकडची बरीच मुलं इंजिनिअरिंग करून जर्मनीला जातात. तिथे टोरेंट (लोकांच्या यंत्रांवरून तुकड्या-तुकड्याने फाइल उतरवायची पद्धत) लावलं की ज्याच्या नावावर इंटरनेट जोडणी आहे त्याला वकिलांच्या कंपनीचं भरपाई मागणारं पत्र येतं. अमेरिकेत २००३ पासून संगीत कंपन्यांनी हजारो घरगुती वापरकर्त्यांवर दावे लावले होते. एका बाईंना २४ गाण्यांपायी २,२२,००० डॉलर भरण्याचा निकाल लागला. इथली सवय विमानात बसून सोबत नेऊ नका.

दुसरी पायरी : गाण्यावर कोणाकोणाचा हक्क आहे ते पाहा

"तुकोबांचा अभंग आहे, त्यावर कसला आलाय हक्क?" भजनी मंडळातल्या काका-मावशींचा हा प्रश्न रास्तच आहे. शब्दांवर कुणाचाच हक्क नाही, ते तुम्ही हवे तसे गा. पण एखाद्या संगीतकाराने त्या अभंगाला चाल लावली असेल तर चाल त्याची, ती ध्वनिमुद्रित केली असेल तर मुद्रण कंपनीचं, आणि गायक-वादकांचा कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क. एका फाइलमध्ये असे तीन-चार थर असतात. तुमच्या फोनमधला अभंग बहुतेक वेळा या सगळ्या थरांसकट आलेला असतो.

मुदतीही वेगवेगळ्या. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. कलाकाराचा ५०. म्हणजे १९६५ साली बाजारात आलेल्या तबकडीवरचा मुद्रणाचा हक्क २०२५ च्या अखेरीपर्यंत. पण त्याच तबकडीवरचे शब्द गदिमांचे असतील तर ते १९७७ साली गेले, सबब शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत जिवंत आहे. "जुनं गाणं आहे, चालतंय की" हे वाक्य म्हणूनच फसवं आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. कुमार गंधर्व सुळेभावीचे, जन्म १९२४, निधन १९९२. त्यांनी स्वतः रचलेल्या बंदिशींवर २०५२ च्या अखेरीपर्यंत हक्क चालतो. एखाद्या मैफलीचं मुद्रण पुष्कळ वर्षांनी पहिल्यांदा प्रकाशित झालं तर त्याची ६० वर्षं त्या प्रकाशनापासून मोजायची, मैफल कधी झाली यावरून नाही. बेळगावात शास्त्रीय संगीताच्या जुन्या टेप जपून ठेवलेली घरं अजून आहेत आणि त्यांचं डिजिटल रूपांतर करून यूट्यूबवर टाकण्याचा मोह होतो. रूपांतर करून घरात जपणं वेगळं, टाकणं वेगळं. टाकण्याआधी कलाकाराच्या कुटुंबाला विचारा, आणि लेखी होकार घ्या.

तिसरी पायरी : उतरवायचं कुठून

सरळ मार्ग आधी. स्पॉटिफाय, जिओसावन, गाना, यूट्यूब म्युझिक या अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' दिसतं, पण ते गाणं तुमच्या मालकीचं होत नाही. वर्गणी चालू असेपर्यंत, त्याच अ‍ॅपमध्ये ते वाजतं. रेसो हे अ‍ॅप जानेवारी २०२४ मध्ये भारतातून गेलं, त्याच वर्षी एअरटेलने विंक बंद करण्याचं जाहीर केलं. ज्यांनी तिथे गाणी साठवली होती त्यांच्या हाती काही उरलं नाही. कायमची फाइल हवी असेल तर विकत घ्या : आयट्यून्स स्टोअर आहे, स्वतंत्र कलाकारांसाठी बँडकॅम्प आहे. व्हिडिओमागे लावायला संगीत हवं असेल तर यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी फुकट आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालचं संगीतही घेता येतं, फक्त कोणता परवाना ते वाचा. काहींत कलाकाराचं नाव देणं बंधनकारक असतं, काहींत धंद्यासाठी वापर चालत नाही, काहींत गाण्याची कापाकापी चालत नाही.

आता आडवाटा. यूट्यूबचा पत्ता चिकटवून एमपीथ्री काढून देणाऱ्या साइट यूट्यूबच्या अटींत बसत नाहीत. 'फुकट मराठी गाणी' असं शोधून पुढे येणाऱ्या साइटवर कायद्याआधी दुसरंच संकट भेटतं. गाण्याच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, उतरते, ती बसवली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातो. गाण्याच्या फाइलचं शेपूट एमपीथ्री, एमफोरए, फ्लॅक असं असतं. एपीके हे कधीच गाणं नसतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, पहिला तास महत्त्वाचा.

टोरेंटबद्दल नवख्यांचा एक गैरसमज हमखास असतो : "मी फक्त उतरवतो, कुणाला देत नाही." टोरेंटची रचनाच अशी की फाइलचे तुकडे तुमच्याकडे येत असतानाच तुमच्या यंत्रावरून ते इतरांना जात असतात. म्हणजे तुम्ही नकळत वाटणाऱ्यांत गणले जाता. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशा साइटविरुद्ध दिलेला आदेश नव्या नावाने उघडणाऱ्या नकलांनाही लागू करता येईल असा होता. म्हणून आज चालणारी साइट उद्या बंद दिसते.

चौथी पायरी : पुढे पाठवण्याआधी थांबा

घरच्या ग्रुपवर आजीला एक भावगीत पाठवलं, यावरून खटला उभा राहणं अवघड आहे. तेच गाणं हजारभर माणसं असलेल्या टेलिग्राम चॅनेलवर रोज टाकलं, किंवा ड्राइव्हवर दोन हजार गाण्यांचं फोल्डर करून त्याची लिंक सगळ्या गावात फिरवली, तर 'हक्कदाराचं नुकसान होईल इतक्या प्रमाणात वाटणं' या शब्दांत तुम्ही अलगद बसता.

टेलिग्रामवर नंबर लपतो म्हणून बरेच जण बिनधास्त असतात. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका शिकवणीच्या साहित्याच्या चोरीप्रकरणी टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते उघड करायला लावले.

अजून एक सवय, जी खरोखर महागात पडू शकते. नवा सिनेमा लागला की थिएटरात पडद्यावरचं गाणं फोनने टिपून स्टेटसला लावायचं. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. थिएटरात परवानगीशिवाय मुद्रण करणं हा आता त्या कायद्याखालीही गुन्हा आहे : किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि किमान तीन लाख रुपये दंड. दंडाची वरची मर्यादा चित्रपटाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाते. स्टेटस चोवीस तासांत पुसलं जातं, पण गुन्हा पडदा टिपला त्याच क्षणी घडलेला असतो.

पाचवी पायरी : दुकानदाराने काय करावं

इथे जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त धोका याच माणसाच्या डोक्यावर आहे आणि सगळ्यात कमी माहितीही त्यालाच असते.

कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. भंग धंद्यातल्या फायद्यासाठी नसेल तर खास कारणं नोंदवून न्यायालय सहा महिन्यांपेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. दुकानात पैसे घेऊन गाणी भरणाऱ्याला ही पळवाट नाही. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर किमान एक वर्ष कैद आणि किमान एक लाख दंड. कलम ६४ प्रमाणे पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी वॉरंटशिवाय बेकायदा प्रती आणि त्या काढायचं साधन जप्त करू शकतो. साधन म्हणजे इथे काय, तर तुमचा संगणक आणि त्यातली हार्ड डिस्क. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. पोलीस ठाण्यातच जामीन होऊन संध्याकाळी घरी येऊ, असं गृहीत धरू नका.

याच्या वर कर्नाटकाचा स्वतःचा एक कायदा आहे, आणि सीमाभागातल्या मराठी दुकानदारांना तो क्वचितच ठाऊक असतो. १९८५ चा राज्याचा गुंडा कायदा. मूळचा दारूचे गुत्ते, जुगार, गुंडगिरी यांच्यासाठी. २०१४ च्या दुरुस्तीने त्यात 'डिजिटल गुन्हेगार' आले : धंद्याच्या हेतूने जाणूनबुजून पुस्तक, संगीत, चित्रपट, सॉफ्टवेअर यांच्या कॉपीराइटचा भंग करणारा माणूस. 'ऑडिओ पायरेट' असाही प्रकार त्या कायद्याच्या नावातच आहे. या कायद्याखाली खटला न चालवता एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं. पेनड्राइव्ह भरून देणाऱ्या प्रत्येकाला तो लावला जातो असं मुळीच नाही. सार्वजनिक व्यवस्थेला बाधा येते हे सरकारला दाखवावं लागतं आणि प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं. माझ्या मते गाण्यांच्या चोरीसाठी इतकं जड हत्यार ठेवणं योग्य नाही. पण कायदा पुस्तकात आहे, आणि नव्याने दुकान घालणाऱ्याने तो आहे हे धरूनच धंद्याची आखणी करावी.

मग करायचं काय? गाणी भरून देण्याचं काम बंद करा, त्याच्या जागी गिऱ्हाइकाला अ‍ॅप बसवून द्या, वर्गणी कशी भरायची ते शिकवा आणि त्या कामाचे पैसे घ्या. म्हाताऱ्या माणसांना हे जमत नाही, त्यामुळे मागणी खरी आहे. गिऱ्हाइकाची स्वतःची कॅसेट किंवा सीडी घेऊन त्याच्याच पेनड्राइव्हवर उतरवून देत असाल तर दुकानाच्या संगणकावर प्रत ठेवू नका. ती राहिली की पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायचा मोह होतो. जुना साठा असेल तर आजच पुसून टाका, नोटीस यायची वाट पाहू नका. "सगळा खडेबाजार (बेळगावची बाजारपेठ) हेच करतोय" हा बचाव कोणत्याही कोर्टात चालत नाही.

सहावी पायरी : मंडळ, लग्न आणि रील

लग्नात गाणी लावायला परवाना लागत नाही. कलम ५२ मध्ये धार्मिक विधी, सरकारी समारंभ, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक कार्यक्रम यांना सूट आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग खात्याने जाहीर नोटीस काढून हे पुन्हा सांगितलं. कार्यालयवाल्याने लग्नासाठी 'कॉपीराइटचे पैसे' मागितले तर ती नोटीस दाखवा. गणपतीपुढच्या आरतीला हीच सूट. तिकीट लावून ऑर्केस्ट्रा ठेवला तर मात्र ती संपते. मग शब्द-चालीसाठी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रित गाणी लावणार असाल तर पीपीएलसारख्या संस्थेचा परवाना पाहावा लागतो. (डॉल्बीच्या आवाजाचा कायदा वेगळा. मंडळांवर गुन्हे दाखल होतात ते बहुधा त्यावरून.)

वाजवायची सूट म्हणजे इंटरनेटवर टाकायची सूट नव्हे. शिवजयंतीच्या चित्ररथांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि मागे सिनेमाचं गाणं असलं की कंटेंट आयडी, म्हणजे यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा, ते पकडते. हा दावा असतो : आवाज बंद होतो किंवा जाहिरातीचे पैसे कंपनीला जातात, खातं धोक्यात येत नाही. स्ट्राइक, म्हणजे हक्कदाराच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून यूट्यूब देतं तो इशारा, हे वेगळं प्रकरण. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल जातं, आणि मंडळाचे इतक्या वर्षांचे व्हिडिओही त्याबरोबर. 'पंधरा सेकंदांपर्यंत चालतं' किंवा 'श्रेय दिलं की झालं' असे नियम कायद्यात कुठेही नाहीत.

कुंद्याच्या किंवा करदंटाच्या दुकानाची रील करत असाल तर अजून सांभाळा. इन्स्टाग्रामवर व्यक्तीच्या खात्याला गाजलेली गाणी लावता येतात ती खाजगी वापरासाठी. माल विकायची रील ही जाहिरात असते, तिला मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत वापरा किंवा गावातल्याच एखाद्या वादकाला पैसे देऊन तीस सेकंदांचा तुकडा करून घ्या, हक्कांचा कागद लिहून. मला स्वतःला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो. गावातला हलगीवाला कुठल्याही सिनेगीतापेक्षा जास्त कान ओढतो.

मोठेही यात सापडतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूच्या एका संगीत कंपनीने राजकीय यात्रेच्या व्हिडिओत आपल्या कन्नड चित्रपटाची गाणी वापरल्याची तक्रार केली. तिथल्या न्यायालयाने एका राष्ट्रीय पक्षाचं ट्विटर खातं तात्पुरतं बंद करण्याचा आदेश दिला. ते व्हिडिओ काढून टाकण्याच्या अटीवर उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, पण तोवर बातमी देशभर गेली होती.

सातवी पायरी : नोटीस आली तर

आधी ती खरी आहे का ते पाहा. "तुमच्यावर कॉपीराइटचा गुन्हा आहे, व्हिडिओ कॉलवर या, आता दंड भरा" असं सांगणारा फोन फसवणुकीचा. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामची सूचना अ‍ॅपमध्येच दिसते. मेलमधल्या लिंकवर पासवर्ड टाकू नका.

पोलिसांची खरी नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची असते, हजर राहायला सांगणारी. आपल्याकडे ती कन्नडात येते. वाचता येत नाही म्हणून कपाटात टाकली आणि तारीख चुकली तर अटकेला कारण मिळतं. कन्नड वाचणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून त्याच दिवशी तारीख, ठाणं आणि कलम समजून घ्या. जबाब कन्नडात लिहिला असेल तर वाचून दाखवायला सांगा, आणि न समजलेल्या कागदावर सही करू नका. यंत्रं जप्त झाली तर पंचनाम्याची, इथल्या ठाण्याच्या भाषेत महजरची, प्रत मागा. जप्त प्रती आणि साधन परत मिळावं म्हणून पंधरा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. ही मुदत लोक सर्रास घालवतात.

कंपनीच्या वकिलाची नोटीस असेल तर वादातला मजकूर इंटरनेटवरून काढा, पण त्याआधी पडद्याची छायाचित्रं घेऊन ठेवा. घाबरून फोन फॉरमॅट करू नका, त्याने पुरावा नष्ट केल्याचा संशय वाढतो. उत्तर वकिलामार्फतच द्या. नोटीस मुंबईहून आली म्हणून दुर्लक्ष करू नका : कलम ६२ प्रमाणे कंपनी तिचा धंदा जिथे चालतो तिथल्या न्यायालयात दावा लावू शकते, म्हणजे तारखेला तुम्हाला बेळगावहून मुंबई गाठावी लागेल. गुन्हा इथे नोंदला गेला असेल आणि तो रद्द करून घ्यायचा असेल तर जायचं धारवाडला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. १५१०० या नंबरवर फोन केला की पुढे कुठे जायचं ते सांगतात. जाताना नोटिशीची झेरॉक्स, आधार आणि वर्गणीच्या किंवा परवान्याच्या पावत्या असतील तर त्या सोबत न्या.